पिंपाचं सील : वडगादीच्या केमिकल व्यापाऱ्यांना खुलं पत्र

वडगादी, काझी सय्यद स्ट्रीट आणि एकूणच मशीद बंदर भागात सॉल्व्हंट विकणाऱ्या शेठ मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

नावानं तुम्ही मला ओळखणार नाही. पण साकीनाक्याच्या एका लहानशा औषध कारखान्यातून ‘माल परत’ असा शेरा मारलेलं चलान तुमच्यापैकी कुणाच्या दुकानात कधी आलं असेल, तर त्याखालची सही माझी. १९८८ पासून ३६ वर्षं मी क्युसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासण्यात, काढली. तपासणीआधी पिवळं स्टिकर, पास झालं की हिरवं, नापास झालं की लाल, हा माझा आयुष्यभराचा रंगपंचमीचा सण. आता निवृत्त आहे, डोंबिवलीला असते, आणि सवय म्हणून अजूनही घरात आलेल्या प्रत्येक बाटलीचं लेबल वाचते.

हे पत्र खरं तर बांद्र्याच्या अन्न व औषध प्रशासनाला लिहायला हवं, असं घरच्यांचं म्हणणं. त्यांना लिहिणारे पुष्कळ आहेत. औषधात काही भलतं निघालं की पेपरात कारखान्याचं नाव येतं, डॉक्टरचं येतं, इन्स्पेक्टरचं येतं. मधल्या दुकानाचं येत नाही, आलंच तर आतल्या पानावर दोन ओळींत. मला त्या मधल्या दुकानाशी बोलायचंय. आणि तेही एकाच मालाबद्दल, प्रॉपिलिन ग्लायकॉलबद्दल. तुमच्या-माझ्या भाषेत पीजी.

पीजीची पिंपं मी शेकड्यांनी उघडली असतील. २१५ किलोचं पिंप, वर दोन बूच. मोठं बूच काढायचं, काचेची लांब नळी तळापर्यंत सोडायची, वरच्या टोकावर अंगठा दाबून बाहेर काढायची आणि नमुन्याच्या बाटलीत धार सोडायची. रंग नाही, वास जवळजवळ नाही. धार पाण्यापेक्षा सुस्त, ग्लिसरीनपेक्षा कितीतरी चपळ. जिभेला लावलं तर अंधुक गोड, मागून थोडं चरचरतं. लावू नये हे खरं, पण मी नोकरीला लागले तेव्हाचे जुने केमिस्ट लावायचे आणि मग ‘बरोबर आहे’ म्हणून मान डोलवायचे. त्या मान डोलावण्याला काय किंमत होती ते पुढे सांगते.

तुम्ही हा माल रंगवाल्यांना विकता, रेझिनवाल्यांना विकता, अत्तरवाल्यांना विकता आणि सिरपवाल्यांनाही विकता. सिरपवाला त्याचं नेमकं काय करतो, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे. पीजीचं औषधातलं काम म्हणजे मध्यस्थी. जे पाण्यात विरघळत नाही त्याला हा विरघळवून घेतो, आणि स्वतः पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतो. म्हणजे एकमेकांशी न पटणाऱ्या दोन पार्ट्यांमध्ये सौदा जमवून देणं. तुमचाच धंदा आहे तो.

साधं पॅरासिटामॉल घ्या. साध्या तापमानाला एक मिली पाण्यात ते जेमतेम १४ मिलिग्रॅम विरघळतं. आणि लहान मुलांच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, दर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, नाहीतर २५० मिलिग्रॅम. भागाकार करून बघा. मिलीला २५ किंवा ५० आले. नुसत्या पाण्यात हे बसायचं नाही. मग एक तर बाटली हलवून घ्यायचं गढूळ सस्पेन्शन करा, नाहीतर स्वच्छ पारदर्शक सिरप हवं असेल तर पीजी, ग्लिसरीन असं काहीतरी घाला. आईला पारदर्शक सिरप आवडतं. ते ‘चांगलं’ दिसतं.

शिवाय पीजी एका पगारात चार कामं करतो. १५ ते ३० टक्क्यांच्या प्रमाणात असला की बुरशी-जंतू वाढू देत नाही. ओलावा धरून ठेवतो, म्हणून मलम ट्यूबमध्ये वाळत नाही. साखर टोपणाच्या आट्यांत खडे धरून बसते, ते कमी करतो. गोळ्यांवरच्या पातळ पापुद्र्यात घातला की पापुद्रा तडकत नाही. केस गळणाऱ्यांच्या मिनॉक्सिडिलच्या बाटलीतही तोच असतो, आणि ते लावून डोकं खाजतं अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा औषधाचा नाही, पीजीचा दोष असतो.

माझी मोठी बहीण एका सरकारी रुग्णालयात सिस्टर होती. एकदा जेवताना म्हणाली, “तुमच्या कंपन्या काय घालतात गं त्या डायझेपाममध्ये? सलाईनमध्ये टाकलं की दूध फुटल्यासारखं पांढरं होतं.” तिला सांगितलं, त्या अँप्यूलमध्ये ४० टक्के पीजी आणि १० टक्के अल्कोहोल असतं, त्यांच्या जोरावर औषध विरघळून बसलेलं असतं. पाणी वाढलं की मध्यस्थ दुबळा पडतो आणि औषध बाहेर येतं. फिटच्या फेनिटॉइनचंही तसंच. लोराझेपामच्या इंजेक्शनमध्ये तर ८० टक्के पीजीच असतो, म्हणजे टोचताना औषधापेक्षा तुमचाच माल जास्त जातो शिरेत. आयसीयूत त्याचं ड्रिप दिवसचे दिवस चाललं तर पीजी साचतो, त्याचं लॅक्टिक अ‍ॅसिड होतं आणि रक्त आंबट होऊन बसतं. डॉक्टरांना हे माहीत असतं, ते लक्ष ठेवतात.

म्हणजे शुद्ध पीजीसुद्धा मोजूनच द्यायची वस्तू आहे. मोठ्या माणसाचं यकृत तो काही तासांत निकालात काढतं. तान्ह्या बाळाच्या यकृतातली ती यंत्रणा अजून तयारच व्हायची असते, तिथे तो कितीतरी जास्त वेळ रेंगाळतो. म्हणून युरोपच्या औषध संस्थेनं वयाप्रमाणे मर्यादा घातल्यात. पाच वर्षांच्या पुढे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५०० मिलिग्रॅम, एक महिना ते चार वर्षं ५०, आणि नवजात बाळाला फक्त १. दहा किलोच्या मुलाला दिवसभरात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिली झाला. सिरपमध्ये १० टक्के पीजी असेल आणि ५ मिलीचा चमचा तीनदा दिला, तर दीड मिली पोटात गेला. आता तुमच्या-आमच्या घरातली बाटली उचला आणि पीजी किती टक्के आहे ते शोधा. सापडणार नाही. ‘फ्लेवर्ड सिरपी बेस : क्यू.एस.’ एवढंच लिहिलेलं असतं. क्यू.एस. म्हणजे लागेल तेवढं. माझ्या नातवाच्या खोकल्याच्या बाटलीवर रंगाचं नाव होतं, चवीचं नाव होतं, आणि निम्म्याहून जास्त बाटली ज्या द्रवाची होती त्याच्या नावाची जागा ‘लागेल तेवढं’ या दोन शब्दांनी भरलेली होती.

पण हा सगळा हिशोब पिंपात पीजी असेल तर.

आता तुमच्याच गोडाऊनमधल्या दुसऱ्या पिंपाकडे या. डायइथिलिन ग्लायकॉल, डीईजी. ब्रेक ऑइलमध्ये, रेझिनमध्ये, छपाईच्या शाईत जातं ते. तेही रंगहीन, तेही जवळजवळ बिनवासाचं, तेही पाण्यात मिसळणारं, आणि तेही गोड. भाव पीजीपेक्षा कमी. जुने केमिस्ट जिभेला लावून मान डोलवायचे ना, त्यांनी डीईजी लावलं असतं तरी मान तशीच डोलली असती.

एक गोष्ट मात्र बाजारात फारशी कुणी सांगत नाही. पीजीच्या कारखान्यात डीईजी जन्मालाच येत नाही. पीजी होतो प्रॉपिलिन ऑक्साइड आणि पाण्यापासून, त्यात बरोबर जन्मणारं भावंड म्हणजे डायप्रॉपिलिन ग्लायकॉल. डीईजी जन्मतं ते इथिलिन ऑक्साइडच्या घराण्यात, मोनोइथिलिन ग्लायकॉलच्या पाठोपाठ. ही दोन वेगळी घराणी आहेत. तेव्हा पीजीच्या पिंपात डीईजी सापडलं, तर ते वाटेत कुठेतरी शिरलेलं असतं. न धुतलेल्या टँकरमधून, दोन मालांना वापरलेल्या पंपातून, उलटवलेल्या कॅनमधून, नाहीतर सरळ कुणीतरी घातल्यामुळे किंवा लेबल बदलल्यामुळे. देशातला पीजी चेन्नईजवळ मनालीला बनतो आणि बाकीचा जहाजानं येतो. तिथून सिरपच्या कढईपर्यंतची जी वाट आहे, ती तुमच्या दारावरून जाते.

डीईजी पोटात गेल्यावर काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण हे वाचायलाच नको वाटतं. आधी उलट्या, पोटात दुखणं. मूळ आजारातच होतंय असं वाटून तोच चमचा आणखी दिला जातो. यकृत त्याचं डायग्लायकोलिक अ‍ॅसिड करतं, ते मूत्रपिंडाच्या नळ्या मारतं, आणि दोन-तीन दिवसांत मुलाची लघवी बंद होते. पुढे डायलिसिस, आणि पुष्कळदा त्याचाही उपयोग नाही.

१९३७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीनं सल्फानिलामाइड हे पाण्यात फारसं न विरघळणारं औषध डीईजीत विरघळवून, रास्पबेरीचा वास घालून विकलं. शंभराहून जास्त माणसं गेली. त्यांना ते विष आहे हे माहीत नव्हतं, तपासलं नव्हतं. त्यातूनच १९३८ चा अमेरिकेचा औषध कायदा आला. ते अज्ञान होतं असं म्हणू. पुढच्या गोष्टींना तेही म्हणता येत नाही. २००६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंगमध्ये रुग्णांना दिलेल्या इंजेक्शनात डीईजी निघालं, कारण कारखान्याला ते ‘प्रॉपिलिन ग्लायकॉल’ म्हणून विकलं होतं. २०२२ मध्ये इंडोनेशियात दोनशेहून जास्त मुलं दगावली, तिथेही पीजीच्या नावानं आलेल्या पिंपांत इथिलिन ग्लायकॉल, म्हणजे डीईजीच्याच घराण्यातलं विष, होतं. दोन्हीकडे दगा कागदावरच्या नावात झाला, आणि तो कारखान्याच्या दारात माल यायच्या आधी.

आणि लांब कशाला जायचं? मशीदहून पुढचं स्टेशन सँडहर्स्ट रोड. तुमच्या दुकानापासून चालत निघालात तर वीस-पंचवीस मिनिटांत जे. जे. रुग्णालयाच्या फाटकाशी पोचाल. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे १४ रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवायला त्यांना तोंडावाटे ग्लिसरीन दिलं होतं, आणि त्या ग्लिसरीनमध्ये १८.५ टक्के डीईजी होतं. मी तेव्हा बीएस्सीला होते. आमचे सर वर्गात आले, फळ्यावर ग्लिसरीन आणि डीईजी शेजारीशेजारी काढलं, आणि काही न बोलता बराच वेळ खडू हातात धरून उभे राहिले. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, त्याच्या अहवालानं औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत कुणाला मोकळं सोडलं नाही. मुंबईत औषधाच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाला ‘लेंटिन’ हे नाव तेव्हा पाठ होतं. आता नव्या पोरांना विचारलं तर रस्त्याचं नाव आहे का म्हणतात.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपनं काय झालं ते तुम्ही वाचलंच असेल. वीसहून जास्त लहान मुलं गेली. तामिळनाडूच्या औषध विभागानं तपासलेल्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डीईजी निघालं. पीजीत आणि ग्लिसरीनमध्ये चालवून घेतली जाणारी मर्यादा आहे ०.१ टक्का. ही ‘अशुद्धी’ नव्हे, निम्मी बाटलीच ती होती.

यावर तुमचं उत्तर मला तोंडपाठ आहे. “मॅडम, तपासायचं काम कारखान्याचं. आम्ही माल देतो, ते बघून घेतात.” कायद्यानं बरोबर आहे. औषधात जे जाईल ते तपासायची जबाबदारी बनवणाऱ्याचीच. आणि आमच्या बाजूचंही मी लपवत नाही. काही ठिकाणी टेस्ट न करता रजिस्टरमध्ये ‘कम्प्लाइज’, म्हणजे ‘नियमात बसतं’, लिहिलं जातं, सीओएवरचे, म्हणजे मालाबरोबर आलेल्या तपासणीच्या दाखल्यावरचे, आकडे जसेच्या तसे उतरवले जातात, आणि असं करणारे सगळेच चोर असतात असंही नाही. काहींना फक्त संध्याकाळी बॅच घ्यायची असते. मीही एकदा, घाईत, तीन पिंपांचे नमुने एकत्र करून एकच टेस्ट लावली होती. माल चांगला निघाला. घरी जाताना ट्रेनमध्ये हिशोब केला : तीनपैकी एका पिंपात ०.२ टक्के डीईजी असतं, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, तर मिश्रणात ते ०.०७ च्या आसपास दिसलं असतं आणि मी तिन्हींवर हिरवं स्टिकर लावलं असतं. त्यानंतर पिंपागणिक नमुना घेतला. साहेब कुरकुरले, सॉल्व्हंटवर एवढा वेळ कशाला म्हणून.

पण शेठ, कारखान्याच्या तपासणीला किती दिसतं, हेही समजून घ्या. लहान युनिटमध्ये काय असतं? घनता बघायची काचेची बाटली आणि एक रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्रवातून जाताना प्रकाश किती वाकतो ते मोजायचं यंत्र. त्या वाकण्याचा आकडा म्हणजे अपवर्तनांक. पीजीचा अपवर्तनांक १.४३२. इथिलिन ग्लायकॉलचाही १.४३२ च्या आसपासच. म्हणजे त्या यंत्रातून बघितलं तर विष आणि औषध जुळे भाऊ. घनता मात्र वेगळी आहे, पीजीची १.०३६, इथिलिन ग्लायकॉलची १.११३, डीईजीची १.११८. पण एक टक्का भेसळ असेल तर मिश्रणाची घनता तिसऱ्या दशांशात एकानंसुद्धा सरकत नाही, आणि तो एक टक्का म्हणजे मर्यादेच्या दहापट. तो पकडायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, जीसी. लहान युनिटकडे ते मशीन नसतं, बाहेरच्या लॅबमध्ये नमुना पाठवायचा तर पैसे आणि दिवस दोन्ही जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं टीएलसीच्या (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या) प्लेटवर आधी चाळणी लावायची स्वस्तातली पद्धत दिली आहे, ती कुणीही करू शकतो, पण किती जण करतात ते मी बघितलंय.

तेव्हा सीओए आणि सील या दोन गोष्टींवर सगळा डोलारा उभा असतो. आणि या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात असतात.

एक पिंप सांगते. जुलै महिना, २००३ किंवा २००४. टेम्पोतून उतरवलेली दोन पिंपं पावसात भिजलेली. मी फडक्यानं पुसत होते, तर एकाचं ‘आयपी’, म्हणजे औषधाच्या दर्जाचा माल, असं लिहिलेलं स्टिकर कोपऱ्यातून सुटून वर आलं. त्याच्याखाली दुसरं स्टिकर. तेच बनवणारे, पण बॅच नंबर वेगळा, आणि खाली लिहिलेलं ‘टेक्निकल ग्रेड’, म्हणजे कारखानी वापराचा माल. नखानं हळूहळू पूर्ण सोलून काढलं. ओला कागद असल्यानं सहज निघालं, बशीतल्या दुधावरची साय निघते तसं.

दुकानात फोन लावला. फोनवरचा माणूस अजिबात गडबडला नाही. म्हणाला, “मॅडम, माल तोच आहे हो. एकाच टाकीतला असतो. तुम्हाला सीओए कुठल्या तारखेचं पाहिजे, सांगा ना, दुपारपर्यंत पाठवतो.”

मी नमुना घेतला, बाहेरच्या लॅबमध्ये जीसी करून आणली. स्वच्छ निघाला. डीईजी नाही, इथिलिन ग्लायकॉल नाही, सगळं मर्यादेत. म्हणजे फोनवरचा माणूस कदाचित खरंच बोलत होता. तरी मी लाल स्टिकर लावलं. आमचे साहेब चिडले, “रिपोर्ट पास आहे आणि तू माल परत करतेस?” मी म्हटलं, रिपोर्ट नळीत आलेल्या मालाचा आहे, पिंपाच्या नावाचा नाही. ज्याला दुसरं स्टिकर लावता येतं त्याला तिसरंही लावता येतं. बॅच चार दिवस थांबली. मला त्या वर्षी पगारवाढ थोडी कमी मिळाली, ते असो.

ते पिंप मात्र टेम्पोत चढून परत गेलं. पुढे कुणी घेतलं, कशात गेलं, मला आजही ठाऊक नाही. एवढं नक्की, की ते रस्त्यावर ओतून दिलं नसणार.

तुम्हाला सगळ्यांना एका माळेत ओवायचं नाही मला. तुमच्यातल्या एका म्हाताऱ्या शेठजींनी मला एकदा स्वतःहून फोन करून सांगितलं होतं, “बेन, या पिंपाचं बूच सैल आलंय, तुम्ही घेऊ नका, मी रंगवाल्याला देतो.” त्यांचं नुकसान झालं असणार त्यात. अशी माणसं या गल्ल्यांत आहेत म्हणूनच पत्र लिहितेय. बेशरम माणसाला पत्र लिहून काय होतं?

आणि तुमची अडचण मला माहीत नाही असं नाही. सिरपचा लहान कारखाना ५०० लिटरची एक बॅच घेतो. दहा टक्के पीजी धरला तर ५० लिटर, म्हणजे ५२ किलो. पिंप २१५ किलोचं. पावपट माल लागणाऱ्यानं पूर्ण पिंप कशाला घ्यायचं? तो तुमच्याकडे येतो, म्हणतो, दोन कार्बॉय, म्हणजे मोठे कॅन, भरून द्या. तुम्ही पिंप फोडता, पंप लावता, भरून देता, वर हातानं ‘पीजी आयपी’ लिहिता, मूळ सीओएची झेरॉक्स टाचता. यात तुम्ही कुणाला फसवलंय असं तुम्हाला वाटत नाही, आणि पुष्कळदा फसवलेलं नसतंच. पण सकाळी त्याच पंपानं काय काढलं होतं? कार्बॉय आधी कशाचा होता? शेजारच्या निळ्या पिंपाचं बूच आणि या पिंपाचं बूच मदतनीस पोरानं अदलाबदल करून लावलं नाही ना? पोरगा बिहारहून किंवा साताऱ्याहून महिन्यापूर्वी आलेला असतो, त्याला दोन्ही पिंपं म्हणजे ‘ग्लायकॉल’. झेरॉक्सवरचा बॅच नंबर खरा असतो, फक्त तो या कार्बॉयचा राहिलेला नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे : पिंपाचं सील तुटलं की तो माल औषधाचा राहिला नाही. रंगाला द्या, रेझिनला द्या, उदबत्तीवाल्याला द्या, बिलावर ‘औषधासाठी नाही’ असं मराठीत, गुजरातीत, हिंदीत ठळक छापून द्या. पण सिरपवाल्याला सुटा माल देऊ नका. ‘आयपी’ लिहून भरून विकायचा असेल तर रिपॅकिंगचं लायसन्स काढा, वेगळी खोली, वेगळा पंप ठेवा आणि भरलेल्या प्रत्येक लॉटची जीसी स्वतः करून घ्या. तेवढं परवडत नसेल तर मूळ कारखान्याकडूनच २०-२५ किलोचे सीलबंद कॅन भरून मागवा. एकट्या दुकानानं मागितलं तर ते दाद देणार नाहीत. पन्नास दुकानांनी मिळून मागितलं तर बघतील. तुमची असोसिएशन दिवाळीला स्नेहसंमेलन करते तसं एकदा यासाठी बसा.

किलोमागे चार पैसे वाढतील. ते सिरपवाल्याला सांगा, त्याला ओरडू द्या. बॅचमधल्या पाच हजार बाटल्यांवर तो वाढीव खर्च वाटला तर बाटलीमागे किती येतो याचा हिशोब त्याला तुम्हीच कागदावर करून दाखवा. हिशोबात तुमचा हात कोण धरणार!

आणि डीईजीचं पिंप पीजीच्या शेजारी ठेवू नका हो. यात कायदा नको, लायसन्स नको. आपल्या घरात फिनाइलची बाटली आणि सरबताची बाटली एका फळीवर ठेवतो का आपण? भिवंडीच्या गोडाऊनमध्ये एक भिंत मध्ये घाला, नाहीतर निदान लाल पट्टा ओढा. माल उतरवणाऱ्या माथाडी मंडळींना एकदा चहा पाजून सांगा, की लाल पट्ट्यापलीकडचं पिंप माणसाच्या पोटात गेलं तर माणूस मरतो. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. सांगितलं की ते आपल्यापेक्षा जास्त जपतात, हा माझा कारखान्यातला अनुभव आहे. आमच्याकडे चुकीचं पिंप दोनदा अडवलं ते माझ्या केमिस्टनं नाही, ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनी. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण लेबलावरचं अक्षर नेहमीपेक्षा वेगळं दिसतंय एवढं त्यांना कळलं.

अजून एक गोष्ट मनात सलते. १ जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपला सरकारमान्य लॅबचा दाखला सक्तीचा झाला. आपल्याकडून गेलेल्या सिरपनं गांबियात आणि उझबेकिस्तानात मुलं गेली, जगभर नाव खराब झालं, म्हणून. चांगलंच झालं. पण तेव्हा आमच्यातल्या जुन्या लोकांच्या मनात आलं ते एवढंच, की न्हावाशेवाहून जहाजात चढणाऱ्या बाटलीला जो दाखला लागतो, तो डोंबिवलीच्या मेडिकलमध्ये उतरणाऱ्या बाटलीला का लागत नव्हता? हा प्रश्न सरकारसाठी आहे, तुमच्यासाठी नाही, हे मान्य. तुम्ही मात्र तुमच्या दुकानात दोन रांगा करू नका. ‘एक्स्पोर्टवाली पार्टी आहे, सीलबंद द्या, लोकलवाली आहे, सुटा चालेल,’ हे वाक्य मी वडगादीत स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

दिवाळीच्या आधी सुकामेवा घ्यायला मी दरवर्षी मशीद बंदरला येते. यंदा दोन तास जास्त काढून येईन. कुणाला आपल्या दुकानातली पिंपं दाखवायची असतील, स्टिकरखालचं स्टिकर कसं बघायचं, बुचाचं सील परत लावलेलं कसं ओळखायचं, टीएलसीची प्लेट कशी लावायची हे पोरांना शिकवून हवं असेल, तर मी येईन. फी नको. चहा तुमचा, आणि शिकवताना एक पिंप मी निवडेन ते उघडायचं, तुम्ही निवडाल ते नाही.

आपली,
साकीनाक्याची लाल स्टिकरवाली मॅडम